मान हलवली तो गुरुवार

शनि., ८ नोव्हेंबर

११ सप्टेंबर, गुरुवार. त्या सकाळी मी काय केले ते कालपासून आठवतो आहे. साडेपाचला अंघोळ. दत्ताचा वार, म्हणून दिवेलागणीपर्यंत मौन; एकोणीस वर्षे पाळतो. जप चालू असताना लेक देवघराच्या दाराशी आली. बराच वेळ बोलत होती. मी मान हलवली. ती पाया पडून गेली. काय बोलली, आठवत नाही.

काल मृणाल ऑफिसातून केक घेऊन आली. कुणाचा तरी वाढदिवस असेल म्हणून मी एक तुकडा खाल्लाही. मग कळले, तो निरोपाचा होता. संगणकाची नोकरी तिने सोडली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलात, जपानी कार्टून मालिकांची चित्रे करायची.

"तुम्हाला विचारूनच राजीनामा दिला, बाबा. तुम्ही हो म्हणालात."

सौ. म्हणाली, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी गप्प बसले.

त्या दिवशीचे पान काढले. लिहिले आहे : माळा अकरा. भगर. मन शांत.



रवि., ९ नोव्हें.

जिच्यासाठी नोकरी सोडली ती वस्तू तरी पाहावी म्हणून तिच्याशेजारी बसलो. शाळेची गच्ची, दोन मुलगे. उद्या त्यांची लढाई. पण आज नुसते बोलतात. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी तपासणीला आहे, सवयीने घड्याळ लावले. सात मिनिटे. चित्र तेच. फक्त ओठ हलतात, मधूनच वाऱ्याने केस.

म्हटले, हे काय, कीर्तन आहे का? हसली. सांगू लागली : ओठांची तीन-चार चित्रे काढली की भागते, त्यात वाचलेली मेहनत लढाईच्या चित्रांना वापरायची. शिवाय गोष्ट चित्रांच्या पुस्तकातून घेतलेली, पुस्तक अजून चालू. मालिका त्याच्या पुढे पळायला नको.

"म्हणजे वेळ काढणे."

"तेही असतं. पण ते कशासाठी भांडतात हे आधी कळलं नाही, तर उद्या नुसती मारामारी दिसेल, बाबा."

तिचे काम हेच. बोलणाऱ्या प्रसंगांतली माणसे. ओठ सोपे, म्हणाली. ऐकणाऱ्याचा चेहरा अवघड. काहीच हलत नाही, तरी तो ऐकतोय हे दिसायला हवे.

मी उठून पाणी प्यायलो.

मंगळ., ११ नोव्हें.

आज विचारले. इतकी मोठी गोष्ट, गुरुवारीच का? दुसरा वार नव्हता?

तिने खालमानेने सांगितले. "गुरुवारी तुम्ही मध्येच तोडत नाही. पूर्ण ऐकून घेता. लहानपणापासून मोठं काही असलं की मी गुरुवारपर्यंत थांबते."

म्हणजे हे एकच नव्हे. तिने एकेक मोजून दाखवले. दहावीला गणिताचा पेपर कोरा ठेवला होता, ते. मैत्रीण गेली तेव्हाचे. कॉलेज नको होते, ते. सगळे मला सांगून झालेले. प्रत्येक वेळी मी मान हलवलेली.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजींपुढे मान हलवली की सुटका होई. समजले की नाही, कोणी विचारत नसे. ती सवय. देवासमोरसुद्धा...

जुन्या वह्या काढल्या. गुरुवार, गुरुवार. मन शांत. मन शांत. वाचवेना.

बुध., १२ नोव्हें.

कामात लक्ष नाही. केसाइतका फरक ओळखणारा माणूस म्हणून कारखान्यात मला मान आहे. आज माप घ्यायची पट्टी हातात धरून नुसता उभा.

घरी आलो तर मृणालची बॅग भरलेली. उद्या सकाळी निघणार. इथून रोज कोरमंगला जमणार नाही म्हणून तिथेच पीजीत राहणार. हेही मान हलवून ठरलेले.

मला हे काम पटलेले नाही. ओठ काढून आयुष्य कसे निघेल? पण नाही म्हणायचे तर कशाला नाही, तेच मी ऐकलेले नाही.

सौ.ला सांगितले, उद्याचे मौन मोडावे म्हणतो. ती एवढेच म्हणाली, "देव रागावणार नाही. ती रागावली तर बघा."

गुरु., १३ नोव्हें.

अंघोळ. दिवा लावला. माळ हातात घेतली, कपाळाला लावली, खुंटीवर परत ठेवली. दत्तमहाराजांना मनातल्या मनात सांगितले.

खाली रिक्षा आली होती. मृणाल खांद्याला बॅग लावून पाया पडायला आली. सवयीने माझ्या मानेकडे बघत उभी राहिली.

"बस," मी म्हणालो.

ती दचकली. आत सौ.च्या हातातले भांडे वाजले. मलाच माझा आवाज कुणा परक्याचा वाटला.

"सप्टेंबरात सांगितलंस ते परत सांग. पहिल्यापासून. मी तेव्हा ऐकलं नव्हतं."

 तिचा चेहरा पांढरा पडला. खालून हॉर्न वाजला. तिने खिडकीतून वाकून रिक्षावाल्याला सांगितले, "अण्णा, स्वल्प थांबा."

मग माझ्यासमोर जमिनीवर बसली. बॅग खांद्यावरून काढली नाही.

मान अजिबात हलवायची नाही असे ठरवून मी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो.