दोन गणवेशांची शाळा

टॅम्पिनीस, सोमवार

चि. भाऊसाहेब यास हिराताईचा जयभीम.

तुझी शुगर आणि राणीची कंबर कशी आहे ते कळव. आमचं बरं आहे. दिवाळीपासून तुला एक गोष्ट विचारतेय, तर फोनवर नेमका तिथेच तुझा आवाज तुटतो, म्हणून कागदावर लिहिते. कागद तुटत नाही. हेडमास्तर झालास म्हणून ह्यावर लाल पेन फिरवू नकोस. चौथीपर्यंतच्या बाईला ह्याहून शुद्ध येत नाही.

तर आपली मैत्रेयी (माझ्या सुगतची धाकटी) सिनेमात आहे. हुरळू नकोस. सिनेमा जपानी, शाळेतल्या पोरांचा, आणि काढणारे नाकानो साहेब सुगतच्याच ऑफिसातले, रॅफल्स प्लेसचे. आठवडाभर नोकरी, रविवारी सिनेमा. जुरोंग ईस्टला एका ट्यूशनवाल्याने वर्ग फुकट दिलाय. खिडकीतून एमआरटी (इथली लोकल) दिसते म्हणून काचेला पांढरा कागद डकवलाय, त्याला बर्फ म्हणायचं. गोष्ट थंडीतली, म्हणून पोरांना स्वेटर, आणि एसी घरघरतो म्हणून तो बंद. उकडलेले बटाटे बरे. पोरं नऊ आणि गणवेश दोन! एक मुलाचा, एक मुलीचा. ज्याचं चित्र घ्यायचं त्याच्या अंगावर चढवायचा, मागून चिमटे लावायचे, बाकीच्यांनी घरच्या कपड्यात बसून राहायचं. (हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पुढचं झालं नसतं.)

काल मी डबा घेऊन गेले. दारातून बघते तर मैत्रेयी एकटी, गुडघ्यांवर, ओल्या फडक्याने सगळा वर्ग पुसतेय, आणि बाकीची आठजणं भिंतीला टेकून बिस्किटं खातायत. साहेब खुर्चीत. भाऊ, मला एकदम आपली शाळा दिसली. शनिवारी सारवायला गुरुजी कुणाची नावं घ्यायचे? आपल्याच वस्तीची. मी केरसुणी हौदात टाकली आणि आबांनी माझं दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. तू मुकाट्याने सारवलंस, शिकलास. (चुकलं म्हणत नाही. मला भाकरी येते, तुला सही.)

मी डबा आपटला, फडकं हिसकावलं आणि साहेबांना मराठीत विचारलं, "हिचंच नाव बरं निघालं?" साहेब वाकले. मी ओरडले, ते आणखी वाकले. मी म्हटलं, वाकून काही होत नाही. मैत्रेयी रडकुंडीला आली. "आजी, अ‍ॅक्टिंग आहे, लाह! सगळ्यांचा टर्न आहे. मुलींचा युनिफॉर्म एकच आहे ना!" (वाक्याला लाह लावायची इथल्या पोरांची खोड.)

मग तिनेच साहेबांचं म्हणणं मला सांगितलं. त्यांच्याकडे वर्ग पोरंच झाडतात-पुसतात, रोज, सगळी, डॉक्टरचंही आणि हमालाचंही, मास्तरही हात लावतात. मला काही पटेना. म्हटलं, मग साहेबांनी पुसून दाखवावं. तर तो माणूस मोजे काढून खाली बसला आणि ढुंगण वर करून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत पुसत गेला. पोरं टाळ्या पिटायला लागली. पुसलं बरं, कोपरे मात्र सोडले. ते मी पुसून दाखवले. कॅमेरा चालूच होता.

आता ते म्हणतात आजी सिनेमात हव्यात, हेडमास्तरीण म्हणून. जपानी येत नाही म्हटलं, तर म्हणे बोलायचं नाही, पोरांबरोबर पुसायचं. मी हो म्हटलं. चौथीनंतर एकदम हेडमास्तरीण. तुला केवढी वर्षं लागली.

राणीला आशीर्वाद.

तुझी ताई,
हिरा

ता.क. डब्याला पोचा आलाय. सुगतला बोलू नकोस.

ता.क. आणखी एक. दिवाळीच्या सुट्टीआधी तुझ्या शाळेत आले तेव्हा व्हरांडा झाडणाऱ्या दोन्ही मुली आपल्या वस्तीच्या होत्या. तू बाबासाहेबांच्या फोटोखाली सह्या करत होतास. मी चहा पिऊन गप्प निघाले, तो चहा अजून उतरलेला नाही. तर पाळ्यांचा तक्ता कर, सगळ्या पोरांचा, सरपंचाच्या नातवासकट. भिंतीला लाव आणि फोटो सुगतच्या फोनवर पाठव. सरपंच ओरडला तर वाक, पण तक्ता काढू नकोस.

ता.क. सोमवारची पाळी तुझी. कोपरे सोडू नकोस, मी जूनमध्ये शाळा उघडली की येतेय.