पन्नाशीतली परीक्षा

मारिबोर, ४ मार्च २०१९

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. बातमी अशी, की तुमची लेक पन्नासाव्या वर्षी परीक्षेला बसतेय. आमचा नवा संचालक झिगा तेहतीस वर्षांचा आहे. त्यानं परवा मला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, की नव्या पाणीयोजनेची प्रकल्पप्रमुख मीच व्हावं अशी त्याची इच्छा आहे, पण निविदेच्या अटीप्रमाणे प्रमुखाकडे प्रमाणपत्र हवं. सव्वीस वर्षं मी बांधकामं उभी केली ती चालत नाहीत म्हणे. कागद हवा!

कागद दोन प्रकारचे आहेत. एक अमेरिकेचा. चार तास संगणकापुढे बसायचं आणि दोनशे प्रश्नांवर खुणा करायच्या. दुसरा आपल्या युरोपातला. त्यात स्वतः चालवलेल्या एका कामाचा अहवाल लिहायचा आणि मग दोन परीक्षकांसमोर बसून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पहिल्याला पाठांतर लागतं, दुसऱ्याला तोंड. कुठला घेऊ?

ब्रेगिन्य गावाची फार आठवण येते. भूकंपानंतर तुम्ही तिथं घरं बांधत होतात आणि मी सुट्टीभर विटांच्या ढिगावर बसून असायची. तेव्हा तुम्हाला कोणी कागद विचारला होता?

औषधं वेळेवर घ्या. या पोरीवरची माया तशीच राहू द्या.
तुमची नेवा


तोल्मिन, १२ मार्च

चि. नेवास अ. आ.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसलो. मला कागद कोणी विचारला नाही, कारण मी फोरमन होतो, साहेब नव्हतो. पण तू चिडू नकोस. ज्याला तुझं काम दिसलेलं नाही, त्यानं कागद मागितला तर त्याचं काय चुकलं?

दुसरा घे. खुणा करायला तू लहानपणापासून आळशी. बोलायला मात्र कधीच नव्हतीस. ब्रेगिन्यला मी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर आठवड्याची कामं आखायचो, आधी कोण, मागून कोण. तू आठ वर्षांची. मला विचारलंस, नळवाला गिलाव्याच्या आधी का येतो? मी म्हटलं, नाहीतर केलेला गिलावा फोडावा लागेल. त्यावर तू पेन्सिल घेऊन छपरावाल्यांना एक दिवस पुढे ढकललंस, आणि तुझंच बरोबर होतं. तुझ्या आईला मी ती पिशवी दाखवली होती.

अहवाल कशावर लिहिणार? इथल्या, सोचा नदीवरच्या पायपुलावर का लिहीत नाहीस? त्या कामाबद्दल तू कधी बोलत नाहीस, म्हणून विचारलं.

बटाटे लावून झाले. गुडघा आहे तसाच आहे. आशीर्वाद मागायची गरज नाही, ते निघालेच आहेत.
बाबा


मारिबोर, २० मे

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल परत आला. मी मारिबोरच्या क्रीडागृहावर लिहिला होता. वेळेत झालेलं, कुठे बोट ठेवायला जागा नसलेलं काम. परीक्षकांनी कळवलंय की तक्ते सगळे उत्तम आहेत, पण यात तुम्ही कुठे आहात? काय बिघडलं, आणि बिघडल्यावर तुम्ही काय केलंत?

आता लिहूनच टाकते, तोंडानं सांगणं जमलं नसतं. पायपुलाची ती नोकरी मी सततच्या प्रवासाला कंटाळून सोडली असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं. २०१३ च्या नोव्हेंबरात महापौरांनी संत मार्टिनच्या सणाला उद्घाटन ठरवलं होतं, निमंत्रणं छापून झाली होती. शुक्रवारी आमचा फोरमन येर्नेय म्हणाला, वर डोंगरात मोठा पाऊस येतोय, नदीतली परांची काढून घेऊ. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबू. रविवारी सकाळी पाणी चढलं आणि परांची गेली. दोर सोडवायला येर्नेय धावला. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

मी दवाखान्यात एकदाच गेले, त्यानंतर नाही. अहवालावर त्या कामातल्या कुणाची तरी साक्षीची सही लागते. पायपुलावर लिहायचं तर ती त्याचीच हवी. झिगाला सांगावं म्हणते, दुसरा प्रमुख बघ.

रागवा, पण पत्र थांबवू नका.
नेवा


तोल्मिन, २७ मे

चि. नेवास अ. आ.

मला माहीत होतं.

त्या बुधवारी तुझी आई आणि मी अक्रोडाचा गोड पाव, पोतित्सा, घेऊन येर्नेयला भेटायला गेलो होतो. त्यानंच सगळं सांगितलं. मी त्याला म्हटलं, नेवाला कळू देऊ नकोस आम्ही आल्याचं. ती आपणहून सांगेल. सहा वर्षं वाट पाहिली. आई शेवटच्या दुखण्यात म्हणाली होती, अहो, तुम्हीच विचारा की, पोर एकटी ओझं वाहतेय. मी विचारलं नाही. मला वाटायचं बापानं वाट पाहावी. ती माझी चूक, आणि आता ती आईजवळ कबूल करायची सोय राहिली नाही.

झिगाला काहीही सांगू नकोस. येर्नेयकडे जा. फोन नको, स्वतः जा. तो आता मधमाश्या पाळतो. ओल्या हवेत जरा लंगडतो.

रागावलेलो नाही. कधीच नव्हतो.
बाबा


मारिबोर, १७ जून

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. फाटकात मला बघून येर्नेयनं विचारलं, काय बाईसाहेब, सहा वर्षांनी रस्ता सापडला का? मग पेट्या तपासून होईपर्यंत तासभर बाकावर बसवून ठेवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी चष्मा लावून त्यानं अहवाल सबंध वाचला. 'पाण्याच्या पातळीचा माझा अंदाज चुकला' असं मी लिहिलं होतं. ते त्यानं खोडलं. म्हणाला, अंदाज तुझा चुकला नव्हता, तुला सगळं कळत होतं. तू महापौराला घाबरलीस. तसं लिही, मग सही करतो.

मी तिथंच, त्याच्याच पेनानं लिहिलं. त्यानं सही केली. मग त्याची बायको सूप घेऊन आली. मला रडू आवरेना, तेव्हा तो तिला म्हणाला, अगं, मीठ कमी घातलं असतंस तरी चाललं असतं.

कृपादृष्टी आहेच, ती मला आता कळली.
नेवा


मारिबोर, २३ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल लुब्लियानाहून कागद आला. पास झाले!

तोंडी परीक्षेला दोघं होते. त्यातल्या वयस्क बाईंनी अहवाल मिटला आणि एकच विचारलं. परांची शुक्रवारी काढली असती, तर काम किती लांबलं असतं? बाबा, हा हिशेब मी सहा वर्षांत एकदाही केला नव्हता. तिथं त्यांच्यापुढे बोटांवर केला. काढायला दोन दिवस, पुन्हा उभी करायला दोन. चार दिवस, असं मी म्हणाले. त्यांनी आकडा लिहून घेतला. नंतर म्हणाल्या, आता आपण पुढच्या कामाबद्दल बोलू या.

आज पाणीयोजनेची पहिली बैठक झाली. झिगानं विचारलं, उद्घाटनाची तारीख काय छापायची? मी म्हटलं, आधी फोरमनला विचारते, मग सांगते. त्याचं तोंड पडलं. मी वही मिटून सरळ खाली फोरमनकडे गेले.
तुमची नेवा