तुम्ही घेतलेली माफी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. काका,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईची सर्दी गेली, बाबांचा दौरा पुढे ढकलला, माझं ऑफिस नेहमीसारखंच. काकूंना सांगा, त्यांनी विणलेला स्वेटर बाह्यांना जरा लांब होतो, पण मी दुमडून घालते. तुमची पाठ कशी आहे?

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं. फोन करणार होते. पण फोनवर तुम्ही "हं, बोल बाळा" म्हणालात की मी पुन्हा लहान होते आणि बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलते. समोर आले तर तुम्ही हसून विषय बदलाल आणि मीही हसेन. म्हणून पत्र.

मी रागावले आहे, काका. आधी 'जरा नाराज' असं लिहिलं होतं, ते खोडलं.

बुधवारी डॉक्टरांनी अपघाताचा अहवाल पाठवला. आपल्या रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या क्लबचे सेक्रेटरी म्हणून पाठवला, पण दातांचे डॉक्टर ते, वाचताना दाढ काढून घेतल्यासारखंच वाटलं. परवाच्या सभेत तो मंजूर व्हायचा आहे आणि मैदानाची सुरक्षा अधिकारी म्हणून त्यावर माझी सही हवी आहे. रेडिओत व्यत्यय आला आणि विमानाचा ताबा सुटला, असं त्यात आहे. पुढे आहे की जखमी सदस्य सूचना न जुमानता सुरक्षारेषेच्या पुढे आला होता, सबब त्याचं सदस्यत्व रद्द करावं. माझ्याबद्दल लिहिलंय की तिने वेळेवर इशारा दिला नाही, पण वय लहान आहे, तेव्हा फक्त समज द्यावी. आणि तळाला मुख्य प्रशिक्षक म्हणून तुमची सही आहे. शाई वाळलेली.

मला समज द्या, माझी हरकत नाही. पण जखमी सदस्य म्हणजे आपले टेलर मास्तर. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर जो नारिंगी कापडी मोजा फडफडतो, तो ज्यांनी आपणहून शिवून आणला, ते. विमान उडवायला शिकायचं म्हणून दर रविवारी दुकान बंद ठेवून येणारे. मास्तर रेषेच्या पुढे नव्हते. मीच त्यांना जाळीमागे, बाकाशेजारी उभं केलं होतं. "इथून हलू नका" असं मी म्हटल्यावर खरोखर न हलणारा सबंध क्लबात तो एकच माणूस आहे. बाकीचे सगळे कॅप्टन.

मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? धावपळीत कोण कुठे होतं, कुणाच्या लक्षात राहतं?"

"माझ्या राहतं. तेच माझं काम आहे."

"अगं, काका आहेत तुझे. घरातली गोष्ट घरात मिटव ना. सभेत कशाला?"

"डॉक्टर, मास्तरांचा अंगठा घरातला नव्हता."

त्यांनी फोन ठेवला. कुणाशी असं बोलायची मला सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. उगाच उद्धट बोलले का, यावर मी बराच वेळ विचार केला. नाही बोलले.

आई म्हणते, "ज्यांनी तुला अक्षरओळख करून दिली त्यांच्यावरच उलटणार का?" खरं आहे. माझ्या पायाची ऑपरेशनं चालू होती, शाळेत जाता येत नव्हतं, तेव्हा माझी शाळा म्हणजे तुमची मागची खोली. पातळ लाकडाच्या पट्ट्या, डिंकाचा वास, आणि भिंतीवर विमानांचे नकाशे. मी वाचायला शिकले ती त्या नकाशांवर. भागाकार शिकले तो पंखातल्या फासळ्या मोजून. तुम्ही मला विमानाच्या शेपटीमागे स्टुलावर बसवायचात आणि विचारायचात, "उजवा पंख कुठला?" मग माझं स्टूल उचलून नाकासमोर ठेवायचात आणि पुन्हा विचारायचात. मी चुकले की म्हणायचात, "उजवं-डावं विमानाचं असतं, बाळा. बघणाऱ्याचं नसतं. म्हणून तपासायचं ते कायम शेपटीकडून."

त्या रविवारी तुम्ही नाकासमोर उभे होतात.

पाहुणे आले होते, शाळेची मुलं आणि त्यांचे शिक्षक. तुम्हाला त्यांच्याकडे तोंड करून बोलायचं होतं. आदल्या दिवशी पंखातल्या मोटरा बदलल्या होत्यात, हे तुम्हीच मला सकाळी चहा पिताना सांगितलं होतं. मोटर बदलली की पंखाच्या मागच्या कडेची, विमान वळवणारी पट्टी उलटी हलू शकते, हे क्लबात नव्याने आलेल्यालाही माहीत असतं. तुम्ही हातातल्या रेडिओवरची स्टिक डावीकडे केलीत, तुमच्या डाव्या हाताकडची पट्टी वर उचलली गेली, आणि तुम्ही मुलांना म्हणालात, "बघा, अगदी बरोबर!" डावीकडे वळायला विमानाची डावी पट्टी उचलली जायला हवी, आणि ती उजवी होती.

मी म्हटलं, "काका, एकदा शेपटीकडून बघा ना."

"मी तुला शिकवलंय की तू मला?"

सगळे हसले. मीही हसले, आणि उड्डाणाला परवानगीचा हिरवा झेंडा वर केला. माझा वाटा मी लपवत नाही. झेंडा माझ्या हातात होता.

पहिलं वळण माणसांपासून लांब घ्यायचं, हा आपला नियम. तुम्ही तो पाळलात. विमान वर चढलं आणि तुम्ही ते लांब वळवायला गेलात, तर ते आमच्याकडे कललं. तुम्ही आणखी जोरात लांब वळवलंत, ते आणखी जोरात आमच्याकडे आलं. मी ओरडले. "खाली बसा" असं इतक्या मोठ्याने ओरडले की घसा दोन दिवस बसला होता, आणि अहवाल म्हणतो इशारा दिला नाही. मुलं बसली. मास्तर बसले नाहीत, कारण त्यांच्या पुढे एक मुलगी भेदरून उभीच राहिली होती. तिला खाली दाबायला त्यांनी हात पुढे केला. विमान जाळीवरून आलं आणि त्याच्या नाकाचा फिरता पंखा मास्तरांच्या अंगठ्यावर बसला. इंजिन पूर्ण जोरात चालू होतं, शेवटपर्यंत. सिग्नल तुटला असता तर ते आपोआप बंद पडलं असतं. तशी सोय तुम्हीच प्रत्येक विमानात सक्तीची केली आहे. अहवाल लिहिताना हे कुणालाच कसं आठवलं नाही?

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मी मास्तरांशेजारी गुडघ्यावर बसून माझं पिवळं जॅकेट त्यांच्या हातावर दाबून धरलं होतं. रक्त थांबत नव्हतं. मला वाटलं, तुम्ही प्रथमोपचाराची पेटी आणाल. तुम्ही आहात, म्हणजे आता सगळं नीट होईल, असं मला मनापासून वाटलं, म्हणून मी मान वर करून तुम्हाला शोधलं. तुम्ही विमानाच्या सांगाड्याशी वाकला होतात. मला वाटलं, इंजिन बंद करताय. पण इंजिन केव्हाच बंद पडलं होतं. तुमच्या हातात रेडिओ होता, त्याचा पडदा उजळलेला होता, आणि तुमचा अंगठा बटणांवर चालत होता. मग तुम्ही स्टिक हलवलीत. तुटलेल्या पंखाची पट्टी हलली. सरळ दिशेने हलली, काका. जी मघाशी उलटी हलत होती ती. मग तुम्ही रेडिओ बंद केलात, उभे राहिलात आणि म्हणालात, "सिग्नल गेला."

माणूस रक्तबंबाळ पडला होता आणि तुम्ही आधी सेटिंग सुलटं केलंत.

चूक मी समजू शकते. चूक कुणाचीही होते. मी दाराचं कुलूप बघायला परत जिना चढणारी बाई आहे, चुकीची भीती मला कुणी शिकवायला नको. पण हे चुकीच्या नंतरचं आहे. हे मी कितीही वेळा मनात फिरवलं तरी त्याला दुसरं नाव सापडत नाही. तुम्ही घाबरला होतात, असं स्वतःला सांगून पाहिलं. घाबरलेला माणूस पळतो, ओरडतो, बसकण मारतो. मेनू उघडत नाही.

तरीही मी गप्प बसले. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून वाट बघत बसले. हॉस्पिटलात सांगतील, मग घरी सांगतील, मग निदान अहवालात तरी. आणि मग परवा काकू फोनवर सहज म्हणाल्या, "अगं, मास्तर येऊन गेले घरी. किती सज्जन माणूस! हाताला एवढं बँडेज, आणि यांची माफी मागत होते. म्हणे, मीच पुढे आलो असेन, तुमच्या विमानाचं वाटोळं झालं. यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ द्या मास्तर, होतं असं."

त्यांनी तुमची माफी मागितली आणि तुम्ही ती घेतलीत.

जाऊ द्या? काय जाऊ द्यायचं होतं त्यांनी, काका?

काल मी त्यांच्या दुकानात गेले. तुम्हाला न विचारता गेले, हेही लिहून ठेवते. दुकान म्हणजे एक यंत्र, कापायचं टेबल, इस्त्री आणि भिंतीला टांगलेले अर्धवट कोट. यंत्रावर त्यांची बायको बसली होती. मास्तर डाव्या हाताने खडूच्या रेघा मारत होते, आणि त्या वाकड्या येत होत्या. उजवा अंगठा शिवलाय, पण वाकत नाही. मला बघून उठले. "या या, मॅडम! बघा, डावखुरा झालोय. आता माझ्या कोटाची बटणं उलट्या बाजूला येणार."

बायको यंत्र न थांबवताच म्हणाली, "विनोद करा. नाक खुपसायला पुढे जाऊ नका म्हणून कितीदा सांगितलं. लहान पोरासारखे विमानाच्या मागे धावले."

मी म्हटलं, "ते पुढे गेले नव्हते."

यंत्र थांबलं.

मग मी सगळं सांगितलं. मोटरा, पट्टी, नाकासमोर उभं राहणं, झेंडा. रेडिओचंही. शब्द नीट लागत नव्हते, दोनदा चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मास्तर ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे मी जाळीच्या मागेच होतो?"

"मागेच. बाकाशेजारी. मीच उभं केलं होतं तुम्हाला."

"मला तसंच आठवत होतं," ते म्हणाले. "पण तुमचे काका, कॅप्टनसाहेब, म्हणाले पुढे आलात, तर म्हटलं, ते खोटं कशाला बोलतील. आपलंच डोकं फिरलं असेल."

बायकोने पदराने तोंड पुसलं. "आणि मी रोज यांना बोलत्येय," ती म्हणाली. "रोज. उठता बसता."

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमचे काका कोण लागतात हो तुमचे?" प्रश्न वेडावाकडा होता, पण मला कळला.

निघताना मास्तर म्हणाले, "रविवारी येतो मी सभेला. बोलणार काही नाही. मागे बसेन." मग जरा थांबून म्हणाले, "भरपाई वगैरे नको मला. मी जी माफी मागून आलो ना, ती तेवढी परत द्या म्हणावं."

हा निरोप. पोहोचवला.

मी अहवालावर सही करणार नाही. परवा वाचन संपलं की डॉक्टर विचारतील, कुणाला काही बोलायचंय का. ते नेहमी कागद आवरत, वर न बघता विचारतात. त्या वेळी मी उठणार आहे. आधी हिरव्या झेंड्याचं सांगेन, मग तुमचं. काहीही वाढवून सांगणार नाही आणि काहीही गाळणार नाही. तुम्ही नाकारलंत तर मी वाद घालणार नाही. जे पाहिलं ते पुन्हा एकदा सांगून खाली बसेन. लोक कुणावर विश्वास ठेवतील ते मला ठाऊक आहे. तुमच्यावर. मीही आयुष्यभर तेच करत आले.

पण मला ते बोलावं लागू नये, काका. मला अजूनही वाटतं की लागू नये, आणि असं वाटतं याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही उठा. बोलताना मास्तरांकडे बघा, डॉक्टरांकडे नको. मी लगेच उठणार नाही. पाणी पिईन, घसा साफ करीन, खुर्ची सावकाश मागे सरकवीन. तेवढा वेळ तुमचा आहे. त्याहून जास्त माझ्याकडे नाही.

काकूंना हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

रविवारपर्यंत तुमचीच,
पुतणी