पंख्याला पस्तीस

सोमवार, १५ एप्रिल. संध्याकाळ

आईच्या खोलीतला एसी बिघडला. वारा येतो, गारवा येत नाही. बाल्कनीतलं बाहेरचं युनिट नुसतं घुमतं, त्याचा पंखा हलत नाही. खोलीत ३५ अंश. आईचं हृदय आता उकाडा सोसणार नाही, खोली २८च्या वर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं आहे.

बायकोने मला न विचारता मेकॅनिक बोलावला. च्युइंगम चघळत आला. युनिटचं झाकणही न उघडता त्याने आईची काठी मागितली, जाळीतून आत सारली आणि पात्याला ढकललं. पंखा फिरायला लागला. पाच मिनिटांत आत गार हवा. कपॅसिटर वीक झालाय म्हणाला. 'वीक' हा शब्द शास्त्रीय नाही, धारकता घटली असं म्हणायचं असतं, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. तेच ते, म्हणाला. उद्या पार्ट घेऊन येतो, तोवर काठीने चालवा.

मी म्हटलं, येऊ नका. सव्वीस वर्षं मी कपॅसिटर शिकवतो आहे.

"हातात घेतलाय का सर कधी?" त्याने विचारलं.

किळसवाणा माणूस. च्युइंगम बाल्कनीच्या कठड्याला चिकटवून गेला.

काठीने चाललेली वस्तू चालली असं मी मानत नाही. एसी ताबडतोब बंद केला. दुरुस्ती होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं घरात सांगितलं. आई म्हणाली, विहिरीचा पंप अडकला की तीही असंच करायची. तुझे बाबा जवळ उभं राहून कारण शोधायचे. 

ताईचा फोन. कुणी कळवलं ते उघड आहे. रविवारी ती आणि भाऊजी गाडी घेऊन येणार. खोली गार नसेल तर आईला घेऊन जाणार. माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी, पण बोलते मुख्याध्यापकासारखी. आई माझ्याकडे आहे ती माझ्याकडेच राहील.

संकल्प: शनिवारपर्यंत एसी सुरू. स्वतःच्या हाताने. शास्त्राच्या आधाराने.

मंगळवार, १६ एप्रिल

दुपारी दोनला मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय शाळेतून निघालो. काल ठरवल्याप्रमाणे आईच्या खोलीत ओले टॉवेल टांगायला लावले होते. पाण्याचं बाष्पीभवन होतं, उष्णता शोषली जाते. आठवीचा धडा.

तापमान २७!

पुन्हा पाहिलं. २७. बाहेर ४१. बायको आणि आई पत्ते खेळत होत्या. दोघी माझ्याकडे पाहून गप्प झाल्या. टॉवेल जवळजवळ कोरडे होते. याचा अर्थ बाष्पीभवन पूर्ण झालं होतं. मी दोघींना तत्त्व समजावून सांगितलं. आईने मान डोलावली. तिला समजलं. माझी ग्रहणशक्ती आईकडून आलेली आहे.

मी घरी असताना मात्र टॉवेल तितकं काम करत नाहीत. सहा वाजता ३३. माणसाच्या शरीराची उष्णता धरावी लागेल. मी बैठकीच्या खोलीत बसायला हवं.

बुधवार, १७ एप्रिल

इंटरनेटवर वाचन. तिथे काय एकेक लोक. एक माणूस मळक्या बनियनवर उभा राहून कपॅसिटर समजावतो आणि मध्येच नाक शिंकरतो. सतरा लाख लोकांनी पाहिलंय. माझ्या वर्गात चाळीस बसतात, त्यातले सहा जागे असतात.

एक गोष्ट पटत नाही. कपॅसिटरला दोन पट्ट्या असतात, म्हणून दोन टोकं. या लोकांच्या कपॅसिटरला तीन. मी फळ्यावर आजवर हजारो कपॅसिटर काढले, तिसरं टोक एकदाही लागलं नाही. स्टाफरूममध्ये बोललो. रसायनशास्त्राच्या बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, एकाच डब्यात दोन असतील, एक टोक सामाईक. रसायनवाल्यांना सगळीकडे मिश्रणच दिसतं.

घरी येऊन बनियनवाल्याचं उरलेलं ऐकलं. एकाच डब्यात दोन असतात. मोठा कॉम्प्रेसरसाठी, छोटा पंख्यासाठी, एक टोक सामाईक. मलाही तसं वाटलंच होतं.

दुपारी आलो तेव्हा २८. टॉवेल आज टांगायचे राहिले, असं बायको म्हणाली. म्हणजे कालच्या टॉवेलांचा परिणाम चोवीस तास टिकतो. नोंद करून ठेवतो.

आईच्या काठीचं टोक काळं झालंय. ग्रीस असावं. बायकोच्या बोटांनाही तेच. याच हातांनी पोळ्या लाटते का, असं विचारलं. नाही, म्हणाली, या हातांनी पत्ते खेळते. उत्तर मला कळलं नाही.

गुरुवार, १८ एप्रिल. दुपारी साडेतीन

मुख्य स्विच बंद करून युनिट उघडलं. आत काय होतं ते लिहायलाही नको वाटतं. कबुतरांची पिसं, विष्ठेचे थर, वाळून कागद झालेली एक पाल. तिचा एक डोळा माझ्याकडे होता. मुंग्यांनी एका वायरीच्या आडोशाला संसार मांडलेला. हे सगळं आजवर आम्ही श्वासातून घेत होतो असं मी म्हटलं. बायको म्हणाली, हे बाहेरचं युनिट आहे, हवा आतल्याची येते. तपशिलात अडकण्याची सवय.

कपॅसिटर सापडला. हातभर आत, पत्र्यामागे, पट्टीने बांधलेला, चिकट तेल सुटलेला. माथा फुगलेला, जुनं डबाबंद लोणचं फुगतं तसा. बोट लावून पाहिलं.

कोपरापर्यंत झटका बसला. मी बाल्कनीतल्या बादलीत बसलो. बादलीत पाणी होतं.

सावरल्यावर विचार केला. एसी सोमवारपासून बंद आहे. म्हणजे या कपॅसिटरने पूर्ण तीन दिवस विद्युतभार धरून ठेवला. असा उल्लेख कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. बायकोला आणि आईला हे महत्त्व सांगितलं. आई पदराने तोंड पुसत राहिली, तिचे खांदे हलत होते. घाबरली बिचारी. बायकोने मला कोरडा पायजमा दिला आणि फक्त एवढंच विचारलं की बाहेरून मेकॅनिक बोलावू का. अहो, आईंसाठी म्हणून तरी, म्हणाली.

नाही म्हटलं. बंद केलेली वस्तू माणसाला मारते, हे नीतीला धरून नाही. आता हा प्रश्न माझा आणि त्या डब्याचा आहे.

झाकण लावून टाकलं. पाल आतच राहिली.

शुक्रवार, १९ एप्रिल

हात दुखतो. काही केलं नाही. शिक्षकांच्या मासिकासाठी 'भाराचं दीर्घायुष्य: एक घरगुती निरीक्षण' हा लेख सुरू केला. दीड पान झालं.

खोली दुपारी २७. आई म्हणाली, तू शाळेत जात जा बाबा, सुट्टी नको घेऊस. कर्तव्याची जाण या पिढीत होती.

शनिवार, २० एप्रिल. सकाळी

दुकानात गेलो. काउंटरमागचा माणूस कान कोरत होता, त्याच बोटाने त्याने कपॅसिटर काढून दिला. ३५ अधिक ५ मायक्रोफॅरड. तीन टोकांवर तीन खुणा: सी, हर्म, फॅन. न विचारता सांगायला लागला: सी सामाईक, हर्मला कॉम्प्रेसर, फॅनला पंखा, उलटं करू नका, मोटर जाईल. जुन्याला आधी स्क्रूड्रायव्हर लावून रिकामा करा. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे म्हटलं. अरे बापरे, म्हणाला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं.

दुपारी

जुना कपॅसिटर रिकामा करून काढला. टोकं एकमेकांना जोडताच ठिणगी पडली. पाच दिवसांनंतरही! लेखात भर घालतो.

आता खरा प्रश्न. ३५ कुणाला, ५ कुणाला?

ठोकळेबाज उत्तर: कॉम्प्रेसरला ३५, पंख्याला ५. पण बिघडला कोण? पंखा. कॉम्प्रेसर धट्टाकट्टा आहे, सोमवारपासून त्याने तक्रार केलेली नाही. आजवर पंख्याला शंभरात पाच मिळत होते आणि तो नापास झाला म्हणून सगळे नवल करतायत. वर्गात मी असं कधी करत नाही. ढ मुलाकडे जास्त लक्ष, हुशार आपापलं पाहतो. पस्तीस मिळाले की कुणीही पास होतो.

छापलेल्या खुणा नव्या यंत्रासाठी असतात. आपलं नऊ वर्षांचं आहे. परिस्थिती पाहून निर्णय घेणं यालाच शिक्षण म्हणतात.

पंख्याला पस्तीस. ठरलं.

वायरी उद्या सकाळी जोडतो. ताई पोहोचेल तेव्हा खोली ताजी गार हवी.

संध्याकाळी ३६. जुना कपॅसिटर टेबलावर पाहून बायको एकदम म्हणाली, काढलात? आता पुढे कसं? आवाज चढला होता. तिला एसीबद्दल इतकी आस्था आहे हे माहीत नव्हतं. आईच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून बसली. आज टॉवेल चालत नाहीत. दमटपणा वाढला असावा. आईचे पाय सुजले आहेत.

रविवार, २१ एप्रिल

सकाळी ९. वायरी जोडल्या. मुख्य स्विच सुरू केला.

९.०२. पंखा फिरला. आपोआप. काठीशिवाय. बायकोला बोलावून दाखवलं. जोरात फिरतोय. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी न्याय दिला.

९.०५. हवा अजून गार नाही. कॉम्प्रेसर घुमतो, टक्कन बंद होतो, पुन्हा घुमतो. सवय व्हायला वेळ लागेल. हुशार मुलांना लक्ष कमी मिळालं की रुसतात.

९.२०. पंख्याच्या आवाजात बदल. आत्मविश्वास आला असावा.

९.३०. वास. कबुतरांच्या पिसांचा असेल.

९.३३. पिसांचा नाही.

९.४०. स्विच बंद. बाल्कनीत धूर. जळलेल्या वॉर्निशचा वास घरभर, तोंडात, कपड्यांत, चहात. उलटी येईल असं वाटतं. पंखा हाताने ढकलला तरी फिरत नाही. काठीनेही नाही. हो, काठी लावून पाहिली. कुणी नव्हतं तिथे.

१०.१५. ताई आली. दारातच नाकाला पदर लावला. मला काही बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं. थर्मामीटरकडे पाहिलं (३८), आईच्या पायांकडे पाहिलं, आणि कपाटातून आईची बॅग काढली. भाऊजी बाल्कनीत जाऊन धूर पाहून आले आणि माझ्या पाठीवर थोपटलं. त्या माणसाची मला नेहमीच शिसारी येते.

आईला खुर्चीतून खाली नेलं, एक हात माझा, एक भाऊजींचा. ती धापा टाकत होती. गाडीत बसल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"आठवडाभर छान गेलं रे. तुझ्या बायकोला काही बोलू नकोस."

टॉवेलांचं कौतुक करत होती. बायकोला काय बोलायचंय, ते कळलं नाही.

दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे.

बुधवार, २४ एप्रिल. संध्याकाळ

मेकॅनिक येऊन गेला. बायकोने बोलावलं, मी हरकत घेतली नाही. पंख्याची मोटर जळली होती. नवी मोटर, वायरी ठोकळेबाज पद्धतीने: हर्मला कॉम्प्रेसर, फॅनला पंखा. एकूण वीस मिनिटं, त्यातली पाच च्युइंगमची. पाल त्याने बोटांनी उचलून बाहेर टाकली.

जाताना बायकोला म्हणाला, "वहिनी, मी एक दिवस म्हटलं होतं, तुम्ही काठीवर पाच दिवस काढलेत. मानलं."

बायको स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे गेलो नाही.

जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या. मंगळवारचे २७. बुधवारचे २८. ग्रीस. पत्ते. गुरुवारचा झटका. आईचे हलणारे खांदे. शनिवारी दुपारी मी तो डबा काढला, आणि शनिवारी संध्याकाळी ३६.

लेख फाडला. दोन पानं होती. मागची बाजू कोरी होती, ती ठेवली.

सहा वाजता ताईला फोन केला. खोली २४ झाली आहे, आता आईला आणून सोड, असं सांगितलं. ताई म्हणाली, डॉक्टर आता हलवू नका म्हणतात, दगदग नको, इथेच बरी आहे. किती दिवस, विचारलं. तिने फोन आईकडे दिला.

आईने विचारलं, पंखा फिरतो का. फिरतो म्हटलं. काठीशिवाय? हो.

 मग म्हणाली, "काठी तिथंच राहिली माझी. कुणाबरोबर तरी पाठवून दे."

काठी बाल्कनीच्या दारामागे होती. आईच्या खोलीत बसून टोक पुसतो आहे. आधी साबण, मग रॉकेल. स्वेटर घातलाय, फार गार झालंय, रिमोट कुठे ठेवला ते सापडत नाही.

डाग निघत नाही.