लाल-निळ्या पेन्सिलीने काढलेला देश

बाई, काल अकरावीच्या वर्गात तुमची पद्धत जिंकली. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी दहावीत होते. वक्तृत्व स्पर्धेत इस्राएलवर बोलून पहिला कप मिळवला होता आणि तो दाखवायला थेट तुमच्या स्वयंपाकघरात आले होते. वाळवंटात मळे फुलवणारा चिमुकला देश, युरोपात लाखोंनी मारले गेलेले ज्यू, वाचलेल्यांना मिळालेलं घर, सगळं मी तिथंही घडाघडा म्हणून दाखवते. तुम्ही भाकरी थापताय. थापता थापताच म्हणता, "झ्याक बोललीस. आता तिथं आधीपासनं ऱ्हाणाऱ्या अरबांचं भाषण कर की." मला त्यांचं एक वाक्यसुद्धा येत नव्हतं. "मग कप अर्धाच तुझा," म्हणालात. मला रडू फुटलं. तुम्ही हात धुतलेत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तो चिंचोळा मुलूख काढलात आणि पेपर तपासायची लाल-निळी पेन्सिल दोन्ही टोकांनी चालवलीत. लालने लिहिलंत, १९४८, स्वातंत्र्य. त्याखाली निळ्याने तेच साल, आणि पुढे 'नकबा', म्हणजे घोर आपत्ती. लाखो अरबांना घरं सोडावी लागली. कित्येकांकडे नुसत्या किल्ल्या राहिल्या. "दुसऱ्याची गोष्ट अशी सांगायची, की त्यानं मान डोलावली पायजे. मग आपली," एवढं बोलून ती पेन्सिल तुम्ही मलाच दिलीत.

आता मीही इतिहास शिकवते. गाझातल्या युद्धाचे व्हिडिओ मुलांच्या मोबाइलवर आले आणि कागलहून एकाच एसटीने येणाऱ्या दोन जिवलग मैत्रिणी एका स्टेटसवरून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एक तास घ्या. पण भांडण झालं तर हा विषय कायमचा बंद." मी त्या दोघींनाच फळ्याजवळ उभं केलं. मागून एकजण ओरडला, "मॅडम, ही कुस्ती निकाली की बरोबरीत सोडवणार?" वर्ग हसला. दोघींतली एक त्याच्यावर उसळली, "गप रं, तिथं माणसं मरालीत!"

मग मी तिलाच दुसरीची बाजू सांगायला लावली. इस्राएलवर चिडलेली ती, आणि ती सांगते आहे तिथल्या आईबद्दल, भोंगा वाजला की लेकरू उचलून तळघरात पळणारी, ओलीस नेलेल्या पोराची वाट बघणारी. मग दुसरी सुरू करते. गाझातलं पडलेलं घर, तंबू, पिठासाठी रांगेत उभी असलेली पोरगी. मध्येच अडखळते, मैत्रिणीकडे बघते. "चुकतंय काय गं?" तीन आठवड्यांतला त्यांच्यातला तो पहिला शब्द. "न्हाय. आसंच हाय. फुडं बोल." बाई, मग जो टाळ्यांचा गजर झाला! प्राचार्य दारातच उभे होते. जाताना म्हणाले, "बारावीलाबी घ्या."

एका तासाने तिकडचं काही बदलत नाही, मला माहीत आहे. पण दोघी एसटीत एकाच सीटवर बसून गेल्या. आता तो कप पुरता माझा ना?

एकच सांगायचं राहिलं. तुम्ही दिलेली ती पेन्सिल काल वर्गात नेली होती. डब्यात परत ठेवताना नीट पाहिली. बोटभर उरली आहे, आणि तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त झिजलंय, म्हणजे इतकी वर्षं एकच बाजू मी जास्त लिहीत आले. कुठलं, ते तुम्ही सगळ्यात आधी विचारलं असतं. म्हणून हे पत्र न पाठवता माझ्या वहीतच ठेवते.