वरचा जबडा, क्रमांक ४१७

मंगळवार, सात तारीख
दुपारची सुट्टी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, मला काही नको आहे आणि मी कुठल्या लफड्यात सापडलेलो नाही. वहिनीला नमस्कार सांग. 'आपली प्रकृती उत्तम असेल' असं इथे लिहायची पद्धत आहे, पण तुझी ती तशी नाही हे मला कळलं आहे, म्हणून ते वाक्य गाळतो.

सात वर्षांनी लिहितोय. मध्ये दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा तू "कोण?" म्हणालास आणि माझी जीभ टाळूला चिकटली. दुसऱ्यांदा तू म्हणालास, "बोलायचं नसेल तर नका बोलू, पण माझा चहा गार करू नका." तो मीच होतो. कागदावर मला बरं पडतं. खोडता येतं.

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी पाच वर्षांपासून दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. गावोगावचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे ठसे घेतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्याकडे पाठवतात. मी त्यांत प्लास्टर ओततो. पाणी मोजून, भुकटी मोजून, हळूहळू, एका कडेने. बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर माणसाच्या तोंडात नसलेला फोड उगवतो. पाऊण तासाने ठसा सोलला की हातात जबडा येतो, टाळूवरच्या वळ्यांसकट. हजारभर तरी सोलले असतील. अजून अंगावर काटा येतो. त्या वळ्या दोन माणसांच्या सारख्या नसतात, दादा. आपण जन्मभर जीभ फिरवतो त्यांच्यावरून आणि आपल्यालाच त्या ठाऊक नसतात.

जबड्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक. आमच्या लॅबच्या मालकीणबाईंचा, म्हणजे बाईंचा, तसा नियमच आहे. त्या म्हणतात, "प्लास्टरला नातेवाईक नसतात. नाव कळलं की हात थरथरतो."

काल सकाळी मी ४१७ सोलला.

वरचा जबडा, बारा दात. हिरड्या इतक्या मागे सरलेल्या की दात लांबच लांब दिसत होते, पूर ओसरल्यावर काठच्या झाडांची मुळं दिसतात तसे. पुढच्या दातांत फटी. मनात म्हटलं, साठीचा गृहस्थ असावा. मग डावीकडचा पुढचा दात पाहिला. त्याचा कोपरा तिरका उडालेला होता.

मी स्टुलावर बसलो.

तो कोपरा कसा उडाला ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. त्यावर आत्ता नको. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तो टवका माझ्याकडे आहे. त्या दिवशी मोरीच्या कडेला पडला होता, मी उचलला. तेव्हापासून कापसात, एका छोट्या डबीत, जाईन त्या खोलीत माझ्यासोबत असतो. काल मधल्या सुट्टीत खोलीवर जाऊन डबी आणली. चिमट्याने टवका उचलून प्लास्टरच्या दाताला लावला.

बसला. किंचित उणा, पण बसला. सात वर्षांनी, परक्या गावात, प्लास्टरवर. मी किती वेळ तसाच धरून होतो मला सांगता येणार नाही.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय रे, प्लास्टरला दात जोडतोस की दाताला प्लास्टर?"

मी म्हटलं, "बाई, हा माझा दादा आहे."

"कुठला?"

"चारशे सतरा."

त्या हसल्या नाहीत. नियमही ऐकवला नाही. चष्मा वर करून टवका आणि दात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोबतची चिठ्ठी वाचलीस?"

चिठ्ठी अशी: वरचे सर्व दात काढणे, सोमवार, तेरा तारीख. त्याच दिवशी बसवायची कवळी. खाली: रुग्णाच्या आग्रहावरून.

त्याच दिवशीची कवळी कशी करतात ते तुला डॉक्टरांनी सांगितलं नसेल. खरे दात निघायच्या आधी प्लास्टरचे कापावे लागतात. बारीक करवतीने, एकेक, हिरडीलगत. तो जबडा बोडका करून त्यावर कवळी घडवतात. हे काम माझ्या टेबलावर होतं. आणि ते गुरुवारी करायचं आहे.

सुट्टी संपली. उरलेलं उद्या.

बुधवार, आठ तारीख

काल संध्याकाळी बाईंनी तुझ्या डॉक्टरांना फोन केला. नाव त्यांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "चारशे सतराचे सगळेच काढायचे? प्लास्टरवर तर काही चांगले दिसतात." डॉक्टर वैतागले. म्हणाले, बारातले आठ राखता येतील असं मला वाटतं, खात्री देत नाही. हिरडीखालची घाण नीट काढून घेतली, सिगारेट सुटली, साखर ताब्यात आली आणि माणूस दर तीन महिन्यांनी दाखवायला आला तर. पण तो ऐकतच नाही. म्हणतो, आमच्या घराण्यात चाळिशीला दात जातातच. एकेकाला निरोप देत कोण बसणार? सगळ्यांची एकदम बोळवण करा.

बाईंनी हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं आणि उरलीसुरली शंका फिटली. 'बोळवण' हा बाबांचा शब्द. तेही चाळिसाव्या वर्षी तोंडावर रुमाल धरून घरी आले होते आणि रुमालाआडून हेच म्हणाले होते. पुढच्या महिन्यात तुला चाळीस पूर्ण होतात.

तुला बाबांची कवळी आठवते? पहिलं वर्ष झकास बसली. मग खुळखुळायला लागली. एकदा शिंकले तर ती थेट शेजारच्या काकूंच्या बादलीत गेली आणि काकूंनी ती चिमट्याने परत आणून दिली. आपण पोट धरून हसलो. शेवटी ती खिशातच असायची, बाबा सगळं कुस्करून खायचे आणि हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती. आपल्याला वाटायचं, कवळीवाल्याने फसवलं.

कवळी तशीच होती, दादा. हाड गेलं होतं. बाईंच्या फळीवर एकाच माणसाचे अठरा वर्षांतले पाच जबडे ओळीने ठेवलेत, नव्या माणसाला शिकवायला. पहिल्यात डोंगर. मग टेकडी, मग बांध. शेवटच्यात नुसती रेघ. दात होते तोवर हाड होतं. दात गेले आणि हाड हळूहळू निघून गेलं, पाहुणा येणारच नाही म्हटल्यावर खाट उचलून ठेवावी तसं. मला इतकी वर्षं वाटायचं की हाड दाताला धरून ठेवतं. ते दोघं एकमेकांसाठी राहतात.

आणि दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेलाही नसतो. मुळाभोवती केसाहून बारीक धागे असतात, हजारो, एक टोक दातात आणि एक हाडात. दात त्यांवर टांगलेला असतो, झोळीत मूल असतं तसा. म्हणून चावताना तो कणभर दबतो आणि परत येतो. मऊ घासातला खडा तुला कळतो तो त्या धाग्यांमुळे. कोणी विणलं असेल हे, कुणाला दिसणारसुद्धा नाही अशा जागी?

हे सगळं मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी त्यांच्याकडे का गेलो होतो ते लिहीन. आधी दुसरं.

आपल्या घरचा नियम आठव. घासताना रक्त आलं की ब्रश बंद. बाबा म्हणायचे, जखमेवर कोणी घासतं का, चार दिवस हिरडीला विश्रांती द्या, नुसत्या चुळा भरा. मी तो नियम चोख पाळला. तुला ठाऊकच आहे मी नियम कसे पाळतो, प्रत्येक गोष्टीचा कीस पाडतो म्हणून तर तू मला किसणी म्हणायचास. विश्रांतीच्या कॅलेंडरवर खुणासुद्धा करायचो. डॉक्टरीणबाईंना मी हे अभिमानाने सांगितलं तेव्हा त्यांनी आरसा खाली ठेवला. म्हणाल्या, "अहो, रक्त म्हणजे हिरडी हाक मारतेय, इथे घाण साचलीय म्हणून. आणि तुम्ही तिला म्हणता, गप्प पड?"

आपल्या घराण्यात दात लवकर जातात हे काही अंशी खरं आहे, असं त्या म्हणाल्या. काही माणसांच्या हिरड्या जन्मतः हळव्या असतात. पण वारशात आपल्याला नुसत्या हिरड्या नाही मिळाल्या. तो नियमही मिळाला.

तू म्हणशील, माझ्या तर कधी रक्त आलं नाही. बरोबर. म्हणूनच घरात तू धडधाकट आणि मी रडका ठरलो. मी हेही विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, सिगारेट ओढतात का? म्हटलं, मी पहिलीत होतो तेव्हापासून दादा ओढतो. त्या म्हणाल्या, धूर हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळून धरतो. आत आग लागलेली असते आणि घंटा वाजवणाऱ्याचेच हात बांधलेले. वर रक्तातली साखर. (ती वहिनीने मागच्या वर्षी कळवली, तिला रागावू नकोस.) साखर वाढली की हिरडीची लढायची ताकद जाते, आणि हिरडी सुजली की साखरही आवरत नाही. दोघी एकमेकींना चिथावतात, आपल्या दोन आत्यांसारख्या.

आता मी का गेलो होतो ते. माझे दोन दात हलतात, दादा. खालचे, पुढचे. मी चोवीस वर्षांचा आहे.

त्यांनी फोटो काढला आणि दिव्यावर धरला. माझा जबडा मी पहिल्यांदाच पाहिला, हजार लोकांचे पाहून झाल्यावर. मुळं, मुळांभोवती बारीक काळी रेघ, म्हणजे ते धागे, आणि हाडाची कड. कड अशी दिसत होती जशी टाकीतल्या पाण्याची पातळी. त्या दोन दातांपाशी पाणी उतरलं होतं. मला भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण त्याआधी मी बघतच राहिलो. इतकी वर्षं मी ब्रश लपवून विश्रांत्या देत होतो आणि ते हाड आत मुकाट्याने जेवढं उरलं तेवढ्यावर धरून होतं.

गेलेलं हाड सहसा परत येत नाही. उरलेलं थांबतं. "थांबवलं तर," असं त्या म्हणाल्या. गेले चार महिने मी थांबवतोय. रोज दोनदा, रक्त आलं तरी. आता येत नाही.

आता ते.

तू विसाव्या वर्षी कॉलेज सोडलंस ते मी शिकावं म्हणून. रात्रपाळी धरलीस, जागं राहायला सिगारेट धरलीस. दाढी करता करता मला शुद्धलेखन घालायचास, गालावर साबण आणि तोंडात 'परिस्थिती'. बारावीत मी सहा महिने कॉलेजात न जाता नदीवर बसलो आणि तुला ते दुसऱ्याकडून कळलं. तू एक थोबाडीत दिलीस. एकच. माझ्या हातात स्टीलचा तांब्या होता.

पुढचं तुझ्या दातावर लिहिलेलं आहे. तू तोंडावर हात धरून उभा राहिलास, ओरडला नाहीस. नुसतं म्हणालास, "जा." मी गेलो. तू मोरीपुरतं म्हणाला होतास की जन्मापुरतं, हे मी आजतागायत विचारलं नाही. आणि तू तो कोपरा सात वर्षांत भरून का घेतला नाहीस, हे विचारायची मला लायकी नाही.

बाईंनी मला एक दिवस वाढवून दिला आहे. हे पत्र कुरिअरने उद्या तुला मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत डॉक्टरांकडून 'थांबा' असा फोन आला तर ४१७ फळीवर शाबूत राहील. ते फक्त तुझ्या सांगण्यावरून होईल. तोंड तुझं आहे, माझं नाही, हे मी स्वतःला कालपासून बजावतोय. आठ दात राहतीलच असं कोणी सांगितलेलं नाही. सिगारेट सोडताना तू किती चिडशील तेही मला दिसतंय. वहिनीला म्हणावं, तेवढे दिवस तांब्या लपवून ठेव.

फोन आला नाही तर मी कापीन. दुसऱ्या कोणाच्या हातात तुझा जबडा देणार नाही. इतकी नीट कवळी करीन की शिंकलास तरी जागची हलणार नाही, निदान पहिलं वर्ष. फक्त एक मला सांग. कवळीतला डावीकडचा पुढचा दात मी अख्खा बसवू, की त्याचा कोपरा उडवू? अख्खा बसवायची मला तुझ्याकडून परवानगी लागेल.

पण त्याआधी, सोमवारी तेरा तारखेला, सकाळी साडेनऊला मी तुझ्या डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर असेन. तू काढायला आलास तरी आणि राखायला आलास तरी. रजा घेतली आहे. डबी सोबत आणतोय.

मी आलेलं चालणार नसेल तर 'जा' म्हण. या वेळी कुठवर ते विचारून घेईन.

तुझ्या दाताचा एक कोपरा जपत असलेला,
किसणी