कारधा येथील तेरवी कोणाची, याचा खुलासा

प्रति,
मा. मजकूर तपासणी अधिकारी साहेब,
भंडारा

विषय : साप्ताहिक 'डोंगा'मधील बिननावाच्या तेरवीबाबत खुलासा व एक विनंती.
संदर्भ : आपले खुलासा मागणारे पत्र.

महोदय,

आणीबाणी लागल्यापासून प्रत्येक अंक छापण्याआधी आपणाकडे तपासणीस आणतो. आता फार थकलो आहे, तरी लिहितो.

१) कारध्याचे मासेमार ढिवर केवळराम मारबते नसबंदी शिबिरातून घरी आले आणि तापाने वारले. बातमीतून आपण प्रथम 'शिबिर' खोडले. मग 'ताप' खोडला. उरले, 'केवळराम मारबते वारले.' त्यावर आपला शेरा : "कशाने? कारण नाही, सबब अफवा." जागा कोरी ठेवू नये, या आदेशानुसार तेथे वांग्यावरील किडीची माहिती घातली.

२) त्यांच्या पत्नी रुखमाबाई यांनी अंक दुसऱ्याकडून वाचून घेतला. त्यात कीड निघाली. छापखान्यात येऊन म्हणाल्या, "भाऊ, याईचं नाव काहून नाही आलं? बाहेरगावचे लोकं म्हणतेत, मेला नाही, शिबिरातून पळाला. पळालेल्या माणसाची तेरवी कशी करू?"

३) सबब पुढील अंकात जाहिरात दिली : 'रविवारी कारधा येथे तेरवी आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी यावे.' नाव नसल्याने आपण ती मंजूर केलीत. अख्खा नदीकाठ लोटला, भात पुरला नाही. आंधळगावच्या कौशल्याबाईंनी तर मलाच विचारले, "काहो, पेपरच मेला काय?"

४) आता आपण लेखी विचारता, तेरवी कोणाची, नाव व कारणासह सुवाच्य अक्षरात कळवावे. आज्ञेप्रमाणे कळवतो : केवळराम मारबते, राहणार कारधा. शिबिरातील शस्त्रक्रियेनंतर ताप येऊन वारले. ते पळाले नव्हते.

५) माझे अक्षर कोंबडीच्या पायाचे. म्हणून सुवाच्यतेसाठी हा खुलासा खिळे जुळवून छापला. पायाने चालवायचे ट्रेडल छपाईयंत्र एकदा सुरू झाले की एका प्रतीवर थांबत नाही. जादा प्रती बाजारात गेल्या, त्या परत मिळणे कठीण.

६) कारवाई करावीच लागेल, हे जाणतो. मी छापखान्यातच आहे, दार उघडे आहे. विनंती एकच. एक प्रत रुखमाबाईंनी नेऊन घरात देवाजवळ लावली आहे. जप्ती करताना तेवढी सोडावी.

आपला नम्र व दमलेला,
तुलाराम लांजेवार
संपादक, साप्ताहिक 'डोंगा'
भंडारा, १५ नोव्हेंबर १९७६

सोबत : खुलाशाची छापील प्रत, एक. कोरी जागा कोठेही ठेवलेली नाही.